बंद धरू नये

मार्चचे तास सातशे चव्वेचाळीस.
त्यातले तीन तास त्रेचाळीस मिनिटं पंप बंद.
भागाकार केला:
नव्व्याण्णव पूर्णांक पाच टक्के उपलब्धता.
साहेबांनी हिरव्या शाईने खूण केली.

चोपड्याच्या खाली, तापीच्या काठी पंपघर.
उखर्डूआप्पा तिथेच बाज टाकून झोपतो,
मोटारीच्या घरघरीला पाठ लावून, बावीस वर्षं.
आवाजाने त्याची झोप मोडत नाही.
आवाज थांबला की तो उठून बसतो.
मग बॅटरी, चष्मा, आणि वहीत
'२-१७ बंद. २-५८ चालू. ग्लॅण्ड गयी.'
अक्षर इतकं बारीक, जसं काही
मिनिटं त्याच्या पगारातून कापली जाणार आहेत.

त्याच्या वहीतून मी माझ्या तक्त्यात उतरवते.
करारात कलम आहे:
आगाऊ कळवून बंद ठेवल्यास बंद धरू नये.
त्याखाली आणखी एक:
व्होल्टेज पडून पंप हळू फिरल्यास
तो चालूच होता असे समजावे.
तीन वर्षं मी समजत आले.

परवा पाइपाच्या शेवटापर्यंत गेले.
अठरा किलोमीटर. केळीच्या बागा संपतात
त्याच्याही पुढे, टेकडीला टेकलेली शाळा.
खिचडी शिजवणारी चिंधाबाई शाळेमागेच राहते.
चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाच्या रेघा:
नळाला पाणी आलं त्या दिवशी एक उभी,
हंडा अर्धाच भरला तर अर्धी.
मार्चच्या मोजल्या. एकोणीस,
आणि एक अर्धी.

मी म्हटलं, पंप तर चालू होता.
"व्हता का नही, माले काय माहीत ताई,
नळले पानी उनं नही."
रागावली नव्हती. तांदूळ निवडत होती.

येताना पंपघरी थांबले, आप्पाला सांगितलं.
तो बराच वेळ मोटारीकडे बघत राहिला,
आपल्याच बैलाबद्दल कुणी काही सांगावं तसा.
मग पट्टी घेऊन वहीत एक रकाना आखला,
डोक्यावर लिहिलं 'शेवट',
आणि विचारलं, "तिना नंबर शे का?"

एप्रिलच्या तक्त्यात मी दोन आकडे लिहिले.
खरा कोणता, साहेब विचारतात.
खूण अजून केलेली नाही.

आप्पा म्हणतो, हल्ली
घरघर चालू असते तरी मध्येच जाग येते.
पडून राहतो.
फोन करायला फार लवकर असतं.