वजा नऊ

साक्रीहून निघाले तेव्हा पवनचक्क्या थांबलेल्या,
वारा अजून उठायचा होता.
कॅरिअरला गोडेतेलाचा रिकामा डबा, झाकणाला चीर,
आत पैसे नाहीत, चिठ्ठ्या:
लोटन वाणी, दर किलोमीटरला आठ आणे.
विमल नर्सबाई, एक रुपया.
कासारगल्लीतली ताराबाई: पोचलीस तर एकवीस,
नाही तर काही नाही.

टॉवेलात गुंडाळलेली तापमापी.
बावीस वर्षं प्रयोगशाळेत परीक्षानळ्या धुतल्या मी.
सर विचारतात हवा का तापते,
मुलं पाठ केलेलं म्हणून दाखवतात,
घंटा होते, सगळे पंख्याखाली पळतात.
म्हणून हे खूळ:
वाटेवरच्या सहा शाळांत एकेक पांढरी, फटींची पेटी,
दुपारी अडीचला एका पोराने उठून आकडा लिहायचा.
रोज. सुट्टीतसुद्धा.
याला पैसे लागतात ऐकून हेडसर हसले होते.

धुळ्याच्या अलीकडे एका म्हातारीने अडवलं,
'इतलं ऊन, अन् तू सायकलवर?
घरमा कोनी से का नही?'
तिच्या माठातलं पाणी, वर शेंगदाण्याची चटणी,
आणि डब्यात दोन रुपयांचं नाणं,
खडखडलं ते पार अमळनेरपर्यंत.

तापी ओलांडली तिसऱ्या दिवशी.
पुलावर थांबून वाकून पाहिलं,
खाली डबकी, डबक्यांत म्हशी,
आणि एक पोरगा नदीच्या मधोमध क्रिकेट खेळत होता.

चोपडा मागे पडलं. अडावदच्या पुढे
डांबर टायरला चिकटून सुटताना
पापड भाजल्यासारखा आवाज.
केळीच्या बागांना पश्चिमेकडून
जुन्या साड्यांचे पडदे बांधलेले,
एक मोरपंखी, एक लग्नातली असावी.
त्यांच्या सावलीत शिरले आणि उठताच येईना.
टॉवेल सोडून पाहिलं: पंचेचाळीसच्या वर,
सावलीत.

हिलालचा टेम्पो थांबला. मागे केळीचे घड, वर ओला पाला.
'बस नं ताई. टेम्पो ते जाईच राहिना.'
बसले.
सायकल घडांवर आडवी, चाक वाऱ्याने आपोआप फिरत,
कुणी चालवत नसताना.
किनगावच्या अलीकडे उतरले. नऊ किलोमीटर.
वहीत लिहिलं: वजा नऊ.
लोटन वाण्याचे साडेचार रुपये वजा,
नर्सबाईंचे नऊ.
हिलाल वहीत डोकावला, हसला,
'ते नऊ मना नाववर टाक.'
दहाची नोट दिली, रुपया परत घेतला नाही.

रावेरच्या शाळेत शेवटची पेटी लावली
कडुनिंबापासून लांब, उघड्यावर.
मुलांना सगळं सांगितलं, टेम्पोसकट.
मागच्या बाकावरची रुमा पावरा उभी राहिली:
'बाई, त्या नऊ किलोमीटरचा धूर कोणाचा?'
म्हटलं, टेम्पो तर जाणारच होता.
ती बसली नाही.
'सगळेच असं म्हणत असतील ना, बाई,
की तो तर जाणारच होता.'
खिडकीबाहेर कुणीतरी गाडी सुरू करत होतं,
एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा लागली.
माझ्याकडे उत्तर नव्हतं.
अडीच वाजले. रुमाच गेली पेटीपाशी,
टाचा उंचावून आकडा वाचला,
परत येऊन वहीत लिहिला,
खाडाखोड न करता.

परतीला कुणी पैसे लावले नव्हते.
जाताना पाठीत ढकलणारा वारा
आता सरळ तोंडावर, दात खरखरीत.
किनगाव आलं. उतरले, पाणी प्याले,
वही पिशवीच्या तळाशी सारली.
नववा किलोमीटर संपता संपता
समोरून टेम्पो आला, रिकामा,
हॉर्न दोनदा वाजला.
हिलाल होता की दुसरा कुणी,
धुळीत दिसलं नाही.
मी हात वर केला, एकच,
दुसरा हँडलवर.