लाल किनार

टाउन्सव्हिलच्या इस्पितळात, तळमजल्यावर,
शवागाराच्या एक दार अलीकडे माझी खोली.
सत्तावीस वर्षं मी माणसांचे काप रंगवते आहे.
मेणात थिजवलेले, केसाहून पातळ.
पाण्यावर सोडायचे आणि काचेवर झेलायचे,
दुधावरची साय न फाटता उचलावी तसे.

एरवी आम्ही तपकिरी रंग वापरतो.
मेलानोमाला तो चालत नाही,
त्याचं अंगच तपकिरी.
चोर आणि शिपाई एकाच गणवेशात.
म्हणून लाल.

आज एकवीस काचा. अकरावी:
पुरुष, त्रेसष्ट, उजवा खांदा, छप्परकाम.
नाव बघायचं नाही असा माझा नियम आहे.
बघितलं.
क्लेम ट्रेवेना.

वादळाच्या वर्षी तो नऊ दिवस माझ्या पत्र्यावर होता,
कमरेपर्यंत उघडा, तोंडात स्क्रू धरून.
शिडीच्या तिसऱ्या पायरीवर मी लिंबाचं सरबत ठेवायचे.
हॅट घाल म्हणायचं राहून गेलं.
खरं तर राहून नाही गेलं.
ती पाठ बघायला मला बरं वाटायचं.

कातडीच्या तळाशी रंगपेशी राहते,
चहूबाजूंनी शेजारणींत धरलेली.
तिच्या भिंतीतून एक हात बाहेर आलेला असतो,
प्रथिनाचा, अर्धा आत, अर्धा बाहेर,
कोपरात कॅल्शियमचे कण, तो ताठ राहावा म्हणून.
शेजारणीचाही तसाच. हातात हात.
कॅडहेरिन म्हणतात. विसरलात तरी चालेल,
पेशी विसरत नाही तोवर.

माझा लाल रंग फक्त या हातांना लागतो.
धड कातडीत त्याची सलग किनार दिसते,
घराला घर लागून असलेली गल्ली जशी,
आणि गल्लीत सगळ्यांचं सगळ्यांवर लक्ष:
फार वाढू नकोस गं. रात्रीची कुठे निघालीस?

मग कुठल्याशा दुपारी
एक पेशी हात आत ओढून घेते.
भांडण नाही, आदळआपट नाही.
दुसराच हात बाहेर काढते,
दिसायला पहिल्याचा सख्खा भाऊ,
पण घरच्यांना ओळख न देणारा.
त्याची ओळख खालच्या मजल्यावर,
रक्तवाहिनीच्या दारवानाशी.
तो म्हणतो, अरे, आपलाच माणूस, सोडा आत.
पुढे यकृत असतं, फुप्फुस असतं,
कुणाकुणाच्या बाबतीत मेंदू.

डॉक्टर स्टाव्हरूंनी भिंगातून डोळा न काढता सांगितलं,
किनार तुटक आहे, लिहून घे.
मी लिहीत नाही हे बघून म्हणाल्या,
तुटक किनारीची माणसंही म्हातारी झालेली पाहिलीत मी,
आणि सलग किनारीची गेलेली.
एका हातावरून सगळा माणूस वाचू नये.
मग चष्मा पुसायला लागल्या. त्या फार वेळ पुसतात.

काचेच्या खालच्या कोपऱ्यात तीन पेशी
अजून लाल होत्या, एकमेकींना धरून.
जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे बघत बसले.
सँडविच तसंच घरी आलं.

रात्री फळवाघळांनी पत्र्यावर आंबे टाकले,
धाड्, धाड्.
त्यानं पिळलेला एकही स्क्रू
चौदा वर्षांत सैल झालेला नाही.

तेवढ्यात त्याचाच फोन.
मंगळवारी येतो म्हणाला, पन्हळ बघायला,
नाहीतर यंदाही स्वयंपाकघरात पाणी येईल तुझ्या.
त्याला अजून कुणी काही सांगितलेलं नाही.
मला सांगायची परवानगी नाही.
ये, म्हटलं.
आणि ठेवता ठेवता म्हटलं,
क्लेम, येताना हॅट घालून ये.

तो हसायला लागला.
माझी कामाची जागा त्याला माहीत आहे.
हसणं मध्येच थांबलं,
आणि फोन कुणीच ठेवला नाही.