सकाळचा पाऊण तास

मी लिफ्ट दुरुस्त करतो. परळपासून कफ परेडपर्यंत,
जाळीच्या जुन्या, काचेच्या नव्या.
राहतो घोडपदेवला, चौथ्या माळ्यावर,
लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगीत.
शमिका जिना बसून उतरायला लागली,
एकेक पायरी, घसरत,
तेव्हा मला वाटलं, खेळ आहे.
ओरडलोसुद्धा. फ्रॉक मळतो म्हणून.

"दुखतंय" असं ती कधी म्हणालीच नाही.
हे मी आता कोणी न विचारताही सांगत सुटतो.
सहा वर्षांच्या पोरीला काय ठाऊक
की बाकीच्यांचे गुडघे सकाळी असे नसतात.
तिने फक्त मांडी घालणं सोडलं.
जेवताना एक पाय लांब, ताटाच्या पलीकडे.
सुगंधा म्हणायची, पाय आवर, अन्नाला लागेल.

घाग सर म्हणाले, पीटीच्या तासालाच बरी लंगडते,
दुपारी तर पळते की!
पळायची. तेच तर.
नाक्यावरच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं.
आरए फॅक्टर निगेटिव्ह. "संधिवात? या वयात?
वाढीचं दुखणं आहे, दूध द्या."
दूध दिलं. तिळाचं तेल चोळलं.
आईने गावाहून पोस्टाने अंगारा धाडला,
तोही लावला.
सात महिने.

मग परळ, मुलांचं इस्पितळ,
डॉक्टर फिरोजा कॉन्ट्रॅक्टर.
बाईंनी रिपोर्टांची पिशवी बाजूला सारली,
दोन्ही गुडघ्यांवर पालथा हात ठेवला.
उजवा गरम होता.
मग बोटं, पेर न् पेर.
आणि विचारलं,
"सकाळी उठल्यावर ही सरळ व्हायला किती टाइम घेते?"

पाऊण तास, सुगंधा म्हणाली.
म्हणजे तिला माहीत होतं. मलाही होतं.
खाली व्हॅनवाला हॉर्न मारतोय, वेणी अर्धी राहिलीय,
त्या घाईत हा पाऊण तास
कोणी मोजला नव्हता, इतकंच.

मी विचारलं, सांध्यातलं तेल संपलंय का?
माझ्या धंद्यातला प्रश्न.
बाई हसल्या नाहीत.
"तेल जास्त झाला, पाष्टे.
तिच्या अंगातला पहारेकरी
घरच्याच माणसाला चोर समजते."

आता रविवार म्हणजे पिवळ्या गोळ्या.
आठवड्यातून एकदाच, चुकूनही रोज नाही,
कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवलंय.
सोमवारी फॉलिकची. मधूनमधून रक्त, लिव्हरसाठी.
शनिवारी रात्रीच तिला मळमळतं,
गोळी अजून डब्यात असते तेव्हा.
पिवळं म्हणून तिने केळं सोडलं, वरणही सोडलं.
एकदा झोपवून गुडघ्यात सुई दिली,
तर उठल्यावर विचारते, सुई आत राहिली का?
संध्याकाळी कोमट पाण्यात टॉवेल पिळायचा,
दहा वेळा. सातव्याला रडते.
आम्ही दहा करून घेतो.

आणि दर तीन महिन्यांनी डोळे.
कारण हे दुखणं डोळ्यात उतरतं तेव्हा
डोळा लालसुद्धा होत नाही.
ते ऐकल्यापासून मी तिच्या डोळ्यांत बघत बसतो.
काही दिसत नाही.
त्याने बरं वाटत नाही.

बरी होईल का, शेजारी विचारतात.
बाई म्हणतात, शांत होईल.
शांत आणि बरी यांच्यामध्ये किती माळे आहेत
ते मी अजून विचारलेलं नाही.

काल रात्रपाळीहून आलो तर ती उठलेली.
मोरीचं दार आम्ही वर्षभर लोटूनच ठेवायचो,
कडी तिच्या बोटांना सरकत नव्हती.
बाहेर कोणीतरी पाठ करून उभं राहायचं.
काल माझी पाळी.
मागे खरखर झाली. थांबली.
परत खरखर.
मग खट्‌.

"बाबा, जा आता."
मी लगेच गेलो नाही.