शून्य मीटर

अजनी स्टेशन. दुपारचे अडीच, पारा पंचेचाळीस.
बाई म्हणे, गोळीबार चौक किती?
म्हटलं, दीडशे.
ते हासली. कडुलिंबाखाली जाऊन
मोबाईल घासत राह्यली.

मंग माह्याच खिशातला वाजला.
पोरानं दिवाळीत टाकून देल्लं होतं अ‍ॅप,
म्हणे, बाबा, आता आवाज द्यायची गरज नाही.
भाडं ब्याण्णव. सवारी शून्य मीटरवर.

मी वर पाह्यलं. तिनंही.
मधात एक कुत्रं झोपून होतं.

ओटीपी सांगा, म्हटलं.
तिनं चार आकडे सांगितले, रस्त्याकडं पाहत.

नकाशा म्हणे उजवीकडं.
मी डावीकडून घातली, तिकडं सावली हाय.
काऊन, ते तिनं विचारलं नाही.

रात्री पोरगं म्हणते, बाबा, चारच तारे?
एक कायले कापला?
मले माहीत हाय.
दीडशेचा.