पहिले पाचशे किलोमीटर

उणे अकरा. केमीच्या बंदराकडून वारा.
फळीवर तीन डबे. सिर्का एकेक उचलते,
लेबल वाचते, परत ठेवते.

महागडं सिंथेटिक नको इतक्यात, आर्वी म्हणतो,
फार गुळगुळीत. नव्या रिंगांना
सिलिंडरशी थोडं भांडू दे,
घासल्याशिवाय बसायच्या नाहीत त्या.

आणि टर्बो? तो मिनिटाला लाखभर गरके घेणार
तेलाच्या एका पापुद्र्यावर,
सकाळी या थंडीत साधं तेल म्हणजे
काकवी.

आर्वी कान खाजवतो.
चाळीस वर्षं इंजिनं उघडतोय,
या प्रश्नाला मंगळवारी एक उत्तर देतो, शुक्रवारी दुसरं.

शेवटी खनिज तेल, दहा-तीस.
रात्रभर ब्लॉकला हीटर.
आधी प्लग काढून नुसताच स्टार्टर,
तेलाचा लाल दिवा विझेपर्यंत.
विझला.

"पाचशेला काढून टाक," तो म्हणाला होता,
"पण ओतून देऊ नकोस. बघ त्यात."
काय बघू?
तो हात पुसत राहिला.

मार्चमध्ये, तोर्निओहून परतल्यावर,
ती पसरट डब्यावर बॅटरी धरते.
काळ्यात बारीक चंदेरी कण,
हलवलं की फिरतात.

किती असले तर चालतात,
हे विचारायचं राहूनच गेलं.