एक नफर

जुबैलमध्ये गुरुवारी रात्री
कारखान्यांच्या बसगाड्या रिकाम्या होतात
आणि मंदीच्या दुकानांत, दाराशी, चपलांचे ढीग चढतात.

"कम नफर?" यस्लम विचारतो.
हद्रमौतचा पोरगा, मिसरूड नुकतंच फुटलेलं,
कानामागे पेन.

नफर.
हा शब्द मला शाळेत भेटला होता,
परभणीला, इतिहासाच्या तासाला, एका अर्जाच्या शेवटी
हात जोडून उभा.
नफर म्हणजे चाकर, बाई म्हणाल्या होत्या.
इथे नफर म्हणजे माणूस.
आणि एका माणसाला पुरेल एवढा भात, वर गोश्त.
माझ्या इकाम्यावर यातला कुठला अर्थ धरलाय
ते मी कधी विचारलेलं नाही.

"वाहिद," मी म्हणते.
तो माझ्यामागे कुणी आहे का बघतो,
मग 'कुटुंबांसाठी' लिहिलेल्या बोळातून नेतो,
एक पडदा सरकवतो.
आत आठ जण ऐसपैस बसतील एवढा गालिचा,
भिंतीला लोड.
मी कोपरा धरून बसते.
तो पडदा ओढून घेतो. झालं माझं कुटुंब.

पातळ प्लॅस्टिकचा सुफरा एसीच्या वाऱ्यानं उडतो,
एका टोकावर पाण्याची बाटली ठेवायची, एका टोकावर पर्स,
उरलेली दोन टोकं फडफडत राहतात.

आधी मरग येतो, वाटीत, वाफाळता.
पहिल्या घोटाला ओळखला मी त्याला:
मटणाचं अळणी पाणी,
तिखट पडायच्या आधी आई लहान वाटीत काढून द्यायची ते.
फक्त लिंबू जास्त.
आणि वार चुकलेला.
आमच्याकडे गुरुवारी अंडंसुद्धा उकडत नाहीत.

मग तबक.
जमिनीतल्या भट्टीचा धूर अजून भाताला लागलेला,
हाडापासून आपण होऊन सुटलेलं मांस.
बाजूला सहावग, टोमॅटो-मिरचीचा;
ठेच्यानं इतकं सौम्य बोलायला कधी शिकावं?
मी बोटांनी खाते.
आठवडाभर लॅबच्या हातमोज्यांत घामेजलेली बोटं,
कॅन्टीनमध्ये चमचा धरणारी,
इथे कुणाला काही समजावून सांगत नाहीत.

शेजारच्या खोलीची फळी जमिनीला टेकत नाही.
खालच्या फटीतून
अर्धं लिंबू घरंगळत आलं.
मी परत ढकललं.
पुन्हा आलं. पलीकडे खुसखुस, इवलीशी पावलं,
एका पायात मोजा.
तिसऱ्या वेळी बाईचा आवाज: "जूद!"
आणि खेळ थांबला.
लिंबू माझ्याकडेच राहिलं होतं.
थोडी वाट पाहिली,
मग भातावर पिळलं.

"हिसाब," मी पडद्याबाहेर डोकावून म्हणते,
आणि हा शब्द म्हणायला मला काहीच करावं लागत नाही.
बाकी तो हातावर मोजून ठेवतो.
बाकीलाही तो बाकीच म्हणतो.
तबकाकडे हनुवटी करून विचारतो, "खलास?"
खलास कुठलं. अर्धा भात तसाच.
"सफरी," मी म्हणते. बांधून दे, प्रवासाला.
प्रवास म्हणजे दोन सिग्नल आणि तिसरा मजला.

शुक्रवारी सकाळी लिओनोरा अंघोळीला गेली की
मी कांदा चिरते, तेल तापवते,
हिंग, हळद, कढीपत्ता फ्रीजरमधला.
धुराचा वास हळदीखाली जातो, पण पूर्ण जात नाही.
लिओनोरा ओल्या केसांनीच येऊन
त्यावर तिचं अंडं फोडते, विचारत नाही.

आईचा फोन.
"काय केलंस?"
"फोडणीचा भात."
वर्षभरात पहिल्यांदा खरं बोलल्यासारखं वाटलं.
"रात्रीचा उरला होता?"
"हो."
"अगं, एकटीसाठी
किती जणांचा टाकतेस?"

लिओनोरानं एक्झॉस्ट लावला होता.
नीट ऐकू येत नाहीये, मी म्हणाले.