कोऱ्या रकान्याबद्दल

शिकागो, एकोणीसशे बासष्टचा फेब्रुवारी.
विद्यापीठाच्या तळघरात अकरा बाया, अकरा यंत्रं,
हीटर एकच, तोही साहेबांच्या दाराशी.
लुडविका पिएत्रास कार्डांना भोकं पाडते:
कंपनी, महिना, भाव, लाभांश.
चुकलं तर कुणी बोलत नाही.
मिस गिलफॉयल नुसती बघते, तेवढं पुरतं.

तिकडे शहरात दलाल अजून बाजार हुंगतात.
थोरवाल्डसन म्हणे तळ्यावरच्या वाऱ्यावरून सांगतो
तांबं चढणार की पोलाद;
त्याच्या शब्दावर लोक घर गहाण टाकतात.
प्रोफेसर ब्रेनर्ड कुणाच्याच शब्दावर नाहीत.
‘पस्तीस वर्षांचे भाव आणा,’ म्हणाले, ‘सगळे.
मग बघू कुणाचं नाक किती लांब.’

मंगळवारी हातात आली लेकमाँट सायकल कंपनी.
सत्तेचाळीस. एकतीस. नऊ. सव्वादोन.
पुढे काहीच नाही.

कार्ड घेऊन ती जिना चढली.
‘कोरं सोडा,’ सहायक मान वर न करता म्हणाला,
‘बुडालेली आहे ती. हिशेबात येत नाही.’

ती हलली नाही.
तिच्या बापाकडे होते त्या सायकलींचे चाळीस शेअर,
छान छापलेले, कडेला वेलबुट्टी.
तो गेल्यावर आईने त्यांच्या घड्या केल्या
आणि खिडकीच्या फटीत कोंबल्या,
वारा फार यायचा म्हणून.

‘कोरं नव्हतं ते,’ ती म्हणाली. ‘शून्य होतं.
मी पाहिलंय.’

आतल्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

मग दीड महिना जुनी वर्तमानपत्रं,
काळी बोटं, बुडालेल्यांची शोधाशोध.
कोळसा, पियानो, दोन रेल्वे, एक टोप्यांचा कारखाना.
टेप फिरली तेव्हा सरासरी वाकली:
आजवर दळणाची बखर
सुपातल्यांनीच लिहिली होती.
थोरवाल्डसनचं नाकही मोजून झालं.
छापा-काट्याइतकंच निघालं.

निबंधात आभार आहेत, यंत्राचेसुद्धा.
तिचं नाव नाही. तिने कधी शोधलंही नाही.

आता ऐंशी उलटली.
तिची पुंजी सगळ्या बाजारात विखुरलेली,
प्रत्येक कंपनीचा चिमूटभर.
नातू विचारतो, ‘यातली तू निवडलीस कुठली?’
‘एकही नाही,’ ती म्हणते,
आणि उठून खिडकीच्या फटीशी
उलटा तळवा धरून बघते.